म्याव माणसासाठी

पहाटे उशाशी येऊन बसलेलं मांजर बहुतेक वेळा ओरडत नाही. ते घुरघुरतं. पण ही घुरघुर दुपारी मांडीवर झोपल्यावर ऐकू येते तशी नसते. तिच्यात काहीतरी टोचणारं असतं, आणि पांघरूण कितीही डोक्यावरून ओढलं तरी थोड्या वेळाने माणूस उठून स्वयंपाकघराकडे चालू लागतो. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या कॅरन मॅकोम्ब यांच्या घरी पेपो नावाचा बोका रोज सकाळी हेच करायचा. मॅकोम्ब यांनी आफ्रिकेत सिंहांच्या आणि हत्तींच्या आवाजांवर मोठं काम केलेलं. पेपोच्या आवाजात आपल्याला झोपू न देणारं नेमकं काय आहे, हा प्रश्न त्यांनी प्रयोगशाळेत नेला.

पहिली अडचण अशी आली की परक्या माणसापुढे मांजरं तसं घुरघुरतच नाहीत. रेकॉर्डर घेऊन कुणी पाहुणा घरात शिरला की मांजर पलंगाखाली. मग मॅकोम्ब यांनी पाळणाऱ्यांनाच ध्वनिमुद्रण शिकवलं. दहा मांजरांचे आवाज जमले, काही खायला मागतानाचे आणि काही नुसतेच सुखात पडलेले असतानाचे. पन्नास जणांना ते सारख्याच मोठ्या आवाजात ऐकवले. ज्यांनी आयुष्यात मांजर पाळलं नव्हतं त्यांनाही मागण्याची घुरघुर जास्त निकडीची आणि कानाला कमी गोड वाटली. आवाजाचा आलेख काढल्यावर कारण दिसलं. नेहमीच्या खर्जातल्या घुरघुरीत एक उंच स्वर मिसळलेला होता, साधारण 220 ते 520 हर्ट्झच्या दरम्यानचा. तान्ह्या बाळाचं रडणंही याच पट्ट्याच्या आसपास असतं. संगणकावर तेवढा स्वर काढून टाकला आणि बाकीचा आवाज जसाच्या तसा ठेवला, तर ऐकणाऱ्यांना निकड कमी वाटू लागली.

2009 साली 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी 'मांजर माणसाला फसवतं' असे मथळे दिले. फसवणं हा शब्द मला इथे अन्यायाचा वाटतो. मॅकोम्ब यांचं आणखी एक निरीक्षण त्या मथळ्यांमध्ये मागे पडलं. ज्या घरात एक माणूस आणि एक मांजर यांचं खास सूत जुळलेलं असतं, तिथे ही घुरघुर जास्त ऐकू येते. भरलेल्या, गजबजलेल्या घरात ती कुणाच्या कानावरच पडत नाही, तिथे खणखणीत म्यावच उपयोगी पडतं. म्हणजे मांजर आपलं घर ओळखून आवाज निवडतं. कोण उठणार आहे, त्याला काय ऐकू जाणार आहे, हे त्याने कधीच हेरून ठेवलेलं असतं.

घुरघुर मुळात निघते कशी, हा शास्त्रज्ञांचा जुना वादाचा विषय. मांजर श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा घुरघुरतं, म्हणून तो आवाज अखंड वाटतो. त्याची कंपनसंख्या सेकंदाला पंचवीस-तीस. एवढा खालचा स्वर चार-पाच किलोच्या जनावराच्या गळ्यातून यायला नको. लहान गळ्यातले स्वरपटल आखूड असतात आणि आखूड पटलांचा आवाज बारीक असतो. 1970च्या दशकात असं मांडलं गेलं की मेंदू स्वरयंत्राच्या स्नायूंना प्रत्येक कंपनागणिक आज्ञा देतो आणि ते स्नायू थरथरत राहतात. पन्नासएक वर्षं पाठ्यपुस्तकांत हेच होतं. मग 2023 साली व्हिएन्ना विद्यापीठाच्या क्रिस्टियान हर्ब्स्ट यांच्या गटाने आजारपणामुळे दयामरण द्यावं लागलेल्या आठ मांजरांची स्वरयंत्रं तपासली. त्यांतून नुसती उबदार, दमट हवा सोडली. तिथे मेंदू नव्हता, मज्जातंतू नव्हते, आकुंचन पावणारा स्नायू नव्हता, तरीही आठही स्वरयंत्रांतून घुरघुरीच्या पट्टीतला आवाज निघाला. स्वरपटलांच्या आत संयोजी ऊतींच्या गाद्या सापडल्या. तंबोऱ्याची खर्जाची तार जाड असते म्हणून ती सावकाश हलते. या गाद्या स्वरपटलाला तसंच जड करतात. जिवंत मांजरात स्नायूंचा काहीच भाग नसतो, असं यावरून सिद्ध होत नाही. पण प्रत्येक कंपनासाठी मेंदूला राबावं लागतं ही कल्पना आता ढिली पडली आहे.

घुरघुर म्हणजे सुख, हाही अर्धाच समज. व्यालेली भाटी पिल्लांना पाजताना घुरघुरते. अपघातात पाय मोडलेलं मांजर तपासणीच्या टेबलावर घुरघुरतं, आणि मरणाच्या दारातलंही. या कंपनांनी हाडं जुळतात, जखमा भरतात, असं फोनवर फिरत असतं. ते सिद्ध झालेलं नाही. पिल्लू मात्र जन्मल्यापासून काही दिवसांतच घुरघुरू लागतं, तोंडात आईचा स्तन असताना, जेव्हा दुसरा कोणताच आवाज काढता येत नाही. 'मी इथे आहे, जवळच राहा' एवढाच त्या आवाजाचा मूळ अर्थ धरला, तर सुखातलं आणि वेदनेतलं घुरघुरणं एकाच जागी येऊन बसतं. मला तरी हा अर्थ पटतो.

म्यावची गोष्ट याहून वेगळी आहे, आणि ती समजून घ्यायला मासळी बाजारासारखी जागा नाही. मुंबईचा भाऊचा धक्का घ्या, नाहीतर रत्नागिरीचा मिरकरवाडा. होड्या लागल्या, पाट्या उतरल्या की मांजरं जमतात. तासभर नुसतं उभं राहून पाहावं. मांजरं एकमेकांशी जवळजवळ बोलतच नाहीत. एक भाटी शेपटी ताठ उभी करून दुसरीजवळ येते, नाकाला नाक लावते, कूस घासते आणि पुढे जाते. सगळं मुक्याने. दोन बोके समोरासमोर आले तर लांबलचक गुरगुर, मग फिस्कारणं, मग एखादी झटापट. पण ज्याला आपण म्याव म्हणतो ते त्यांच्यात नाही. तीच भाटी कोळणीच्या विळीसमोर येऊन बसते, मान वर करते, थेट तिच्या तोंडाकडे बघते आणि आखूड आवाजात एकदा म्याव करते. कोळीण हातातल्या माशाचं डोकं तिच्याकडे भिरकावते. भाटी ते उचलते आणि निमूट निघून जाते. पलीकडची बाई कधीच काही टाकत नाही, पाणी मारते. तिच्यासमोरून ही भाटी तोंड न उघडता जाते.

मोठी झालेली मांजरं आपसात क्वचितच म्याव करतात. तो पिल्लाचा आवाज आहे, आईला मारलेली हाक. दूध सुटलं, आई दूर सारू लागली की रानात किंवा रस्त्यावर वाढणाऱ्या मांजराच्या तोंडून तो हळूहळू कमी होतो. घरात वाढलेल्या मांजराचा मात्र जन्मभर टिकतो, कारण तिथे हाकेला ओ देणारं कुणीतरी कायम असतं. बाजारातली ती भाटी दोन्हींच्या मधली: माणसापुरतंच पिल्लू राहिलेली.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात निकोलस निकॅस्ट्रो यांनी 2004 साली या आवाजाच्या इतिहासाचा माग काढायचा प्रयत्न केला. पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजर. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, कोठारं भरली, उंदीर आले आणि उंदरांमागोमाग हे मांजर वस्तीत शिरलं. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे. निकॅस्ट्रो यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाच्या प्राणिसंग्रहालयातल्या रानमांजरांचे आवाज मिळवले आणि घरातल्या मांजरांच्या आवाजांसोबत लोकांना ऐकवले. रानमांजराचं म्याव लांब, खालच्या पट्टीतलं, कानाला कठोर. पाळीव मांजराचं आखूड, उंच आणि लोकांच्या मते कितीतरी सुखद. हजारो वर्षांत ज्यांच्या आवाजाने माणसाचं मन वळलं त्यांचीच पिल्लं जास्त जगली असावीत, असा तर्क त्यातून निघतो. तर्कच तो, जुन्या मांजरांचे आवाज काही जमिनीत पुरून राहत नाहीत.

याच्या आदल्याच वर्षी निकॅस्ट्रो आणि मायकेल ओरेन यांनी दुसरा प्रयोग केला होता, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बारा मांजरांचे वेगवेगळ्या प्रसंगांतले आवाज त्यांनी मुद्रित केले: खाणं मागताना, दार बंद असताना, लाडात आलेलं असताना, वैतागल्यावर, भेदरल्यावर. मग ते अनोळखी लोकांना ऐकवून विचारलं, यातला प्रसंग कोणता? उत्तरं नुसत्या अंदाजापेक्षा थोडीशीच बरी आली. मांजरं पाळलेल्यांची जरा अधिक बरी. पुढे 2020 मध्ये मिलानच्या संशोधकांनी खाण्याची वाट पाहणारं, ब्रश करून घेणारं आणि परक्या जागी एकटं सोडलेलं मांजर अशा तीनच प्रसंगांचे आवाज ऐकवले. तेव्हाही लोक चाचपडतच राहिले, बायका पुरुषांपेक्षा थोड्या सरस ठरल्या इतकंच.

याचा अर्थ मांजराच्या म्यावला अर्थ नसतो असा नाही. सगळ्या मांजरांचा मिळून एक कोश नसतो, एवढाच. प्रत्येक मांजर आपल्या घरापुरता कोश तयार करतं. ते एकदा एका सुरात ओरडलं आणि दार उघडलं, की पुढच्या वेळी दारापाशी तोच सूर. दुसऱ्या सुरावर आजीने दुधाची वाटी खाली ठेवली, तर तो सूर आजीच्या नावावर जमा. शिकवणारे आपणच असतो, फक्त शिकवतोय हे आपल्या ध्यानात येत नाही. म्हणून शेजारच्या घरचं मांजर काय म्हणतंय हे कळत नाही आणि आपल्या मांजराचं स्वयंपाकघरातूनही कळतं. मांजराच्या आवाजाचं माणसाच्या भाषेत भाषांतर करून देणारी मोबाईल अ‍ॅप निघाली आहेत, तीही इथेच अडखळतात. त्यातली बरी अ‍ॅप आपल्या मांजराच्या आवाजांना आपणच नावं द्यायला सांगतात. घरातली बाई ते काम अ‍ॅपशिवाय करतच असते.

तरी काही सूर घराघरांत सारखे सापडतात, आणि ते शोधून काढण्याचं श्रेय स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या सुसाने श्यट्झ यांना आहे. त्या ध्वनिशास्त्रज्ञ, माणसांच्या बोलण्यातले चढउतार हा त्यांचा मूळ विषय. डोना, रॉकी आणि टर्बो ही त्यांच्या घरची मांजरं, आणि अभ्यास तिथूनच सुरू झाला. खाण्याची वाट पाहणाऱ्या मांजराचं म्याव शेवटाकडे चढत जातं, डॉक्टरकडे नेताना पिंजऱ्यात बसवलेल्याचं उतरत जातं, असं त्यांना आढळलं, आणि हा फरक ऐकणाऱ्यांनाही बऱ्यापैकी ओळखता आला. घरी मांजर असेल तर आज संध्याकाळीच ऐकून पाहा. भांड्याचा आवाज झाल्यावरचं म्याव जिथे संपतं ती जागा आणि टोपलीत कोंबल्यावरचं जिथे संपतं ती जागा, दोन्ही नीट ऐका. श्यट्झ यांना 2021 साली इग्नोबेल पारितोषिक मिळालं, आधी हसू आणणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिलं जातं ते. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. आपल्यासोबत हजारो वर्षं राहिलेल्या प्राण्याच्या आवाजाचा आलेख काढायला एकविसावं शतक उजाडावं लागलं, हेच खरं तर नवल आहे.

अर्थात श्यट्झ यांच्याही आधी एक बाई होऊन गेली. 1944 साली, जग महायुद्धात होरपळत असताना, मिल्ड्रेड मोल्क यांनी अमेरिकेच्या एका मानसशास्त्रीय नियतकालिकात घरातल्या मांजराच्या आवाजांवर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे आजच्यासारखी साधनं नव्हती. कान होते, वही होती आणि भाषाशास्त्रज्ञ माणसांचे उच्चार लिहायला वापरतात ती लिपी होती. त्या लिपीत त्यांनी मांजराचे उच्चार टिपले आणि सोळा प्रकार वेगळे केले. त्यांची विभागणी फार सुंदर आहे, कारण ती अर्थावर नाही, तोंडावर बेतलेली आहे. तोंड मिटून काढलेले आवाज: घुरघुर, ओळखीचं माणूस दिसल्यावरचा 'म्र्रूं', पिल्लांना बोलावण्याची हाक. तोंड उघडून हळूहळू मिटत नेताना होणारे आवाज: म्यावची सगळी कुळं, मागणी, विनवणी, तक्रार, गोंधळ. आणि तोंड ताणून उघडंच ठेवलेले आवाज: गुरगुर, फिस्कारणं, किंचाळी, माजावर आलेल्या मांजराचा आक्रोश. मांजराच्या तोंडाकडे पाहिलं तरी पुरतं, आवाज न ऐकता. मिटलेलं तोंड मैत्रीचं, ताणलेलं तोंड भीतीचं किंवा रागाचं, आणि उघडून मिटणारं तोंड आपल्याकडे काहीतरी मागणारं. ऐंशी वर्षं उलटून गेली, तरी श्यट्झ यांच्यासह पुढच्या सगळ्यांनी आपली घरं याच जोत्यावर बांधली आहेत.

मोल्कच्या पहिल्या गटातली ती पिल्लांना बोलावण्याची हाक म्हणजे आईचा आवाज. पिल्लं जन्मतात तेव्हा डोळे मिटलेले, कान जवळजवळ बंद. दोन आठवड्यांत दोन्ही उघडतात. चार आठवड्यांची पिल्लं आपल्या आईची ती बारीक, थरथरती हाक दुसऱ्या भाटीच्या हाकेपासून वेगळी ओळखतात, हे मेक्सिकोत काम करणाऱ्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं. आवाज स्पीकरवरून येत होता, वास नाही, स्पर्श नाही. आई बाहेर गेलेली असताना घरट्यात गप्प पडून राहायचं आणि तिची हाक आली की मगच हालचाल करायची, यावर पिल्लाचा जीव अवलंबून असतो. भलत्याच हाकेला ओ दिली तर बोका येऊ शकतो.

उलट दिशेनेही तसंच. जर्मनीत हॅनोव्हरच्या संशोधकांनी पिल्लांच्या ओरडण्याचे दोन प्रकार मोठ्या मांजरांना ऐकवले: नुसतं एकटं ठेवल्यावरचं आणि हातात धरून अस्वस्थ केल्यावरचं. जास्त कळवळून ओरडणाऱ्या पिल्लाच्या आवाजाकडे भाट्या लवकर वळल्या, स्वतः कधी न व्यालेल्याही. बोक्यांनी दोन्ही आवाजांना सारखाच प्रतिसाद दिला. मांजराला 48 हर्ट्झपासून 85 हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. आपली मजल वीस हजारांपर्यंत. पिल्लाच्या आवाजातलं बरंच काही आपल्या कानापर्यंत पोचतही नसेल.

जुन्नर तालुक्यात ऊसतोडणीच्या दिवसांत हे सगळं प्रत्यक्ष उपयोगी पडतं. जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक, दीडेक किलोपर्यंत वजनाची वाघाटी, उसाच्या फडात विते. तोडणी सुरू झाली की मजुरांना पिल्लं सापडतात आणि बऱ्याचदा ती बिबट्याचे बछडे समजून एकच घबराट उडते. वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातली माणसं येतात, पिल्लं तपासतात आणि अंधार पडू लागला की सापडलेल्या जागेजवळच सुरक्षित खोक्यात ठेवून लांब जातात. आई आसपासच असते. ती येते आणि एकेक करून पिल्लं उचलून नेते. म्हणून फडात मांजराचं पिल्लू दिसलं तर ते 'बिचारं एकटं आहे' म्हणून घरी आणू नये. ते ओरडत असेल तर तुम्हाला बोलावत नाही.

आपण मांजराला काय ऐकवतो, याचा अभ्यास जपानमध्ये झाला. आत्सुको साइतो यांनी 2013 साली दाखवलं की पाळणाऱ्याचा आवाज मांजरं परक्या आवाजांतून ओळखतात. उत्तर म्हणून ती कान आणि मान वळवतात, पण उठून येत नाहीत. मांजराला हाक मारून वाट पाहणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे, पण माहीत असणं आणि मोजून दाखवणं यात फरक असतो. 2019च्या त्यांच्या कामात मांजरं आपलं नाव त्याच लांबीच्या दुसऱ्या शब्दांतून वेगळं करताना दिसली. कॅट कॅफेतल्या मांजरांना मात्र स्वतःचं नाव आणि तिथल्याच दुसऱ्या मांजराचं नाव यात फरक करता आला नाही. तिथे येणारे-जाणारे सगळ्यांनाच सगळ्या नावांनी हाका मारतात, कोणत्याही हाकेला खाऊ मिळतो, म्हणूनही असेल. फ्रान्समधल्या नांतेर विद्यापीठात शार्लोत द मूझों यांनी आणखी एक गोष्ट तपासली. आपण मांजराशी बोलताना आवाज उंच करतो, हेल काढतो, लहान बाळाशी बोलावं तसं. आपल्या माणसाच्या त्या लाडिक बोलण्याकडे मांजरांनी लक्ष दिलं. परक्याने तसंच बोललेलं त्यांच्या खिजगणतीतही नव्हतं. आणि अगदी अलीकडे अंकारामधल्या संशोधकांनी घरी परतणाऱ्या माणसांच्या अंगावर कॅमेरे लावून पाहिलं, तर मांजरं पुरुषांना बायकांपेक्षा जास्त म्याव करताना आढळली. पुरुष कमी बोलतात, मांजराच्या खुणा कमी टिपतात, म्हणून त्यांच्यासाठी आवाज वाढवावा लागत असेल, असा त्यांचा अंदाज आहे.

आवाज बदलला तर तेही बोलणंच असतं, आणि आपल्याकडे तिकडे सर्वांत कमी लक्ष जातं. आमच्या शेजारच्या काकूंचा म्हातारा बोका रात्री दोन-तीनला उठून हॉलमध्ये मोठ्याने ओरडायला लागला. घरचे म्हणाले, वय झालं. बिल्डिंगमधलं कुणी म्हणालं, मांजर रडतंय, अपशकुन आहे. काकूंनी त्याला उचलून पशुवैद्यांकडे नेलं. बोका दुप्पट खात होता आणि तरीही बारीक होत चालला होता. रक्त तपासलं, थायरॉईड वाढलेलं निघालं. गोळ्या सुरू झाल्यावर रात्रीचं ओरडणं हळूहळू थांबलं.

दहा वर्षांवरच्या मांजरांत हा आजार बराच दिसतो. वाढलेला रक्तदाब, कमी झालेली नजर, बधिर होणारे कान, म्हातारपणी मेंदूत होणारे बदल, मूत्रपिंडाचा त्रास, यांतल्या प्रत्येकाने मांजर रात्री ओरडू शकतं. एरवी बोलकं मांजर गप्प झालं तर तेही तितक्याच तातडीने दाखवावं. लघवीला बसून कळवळून ओरडणारा बोका तर त्याच दिवशी, शक्य असेल तर त्याच तासाला न्यावा. मूत्रमार्ग तुंबला असेल तर दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. डॉक्टरांना सांगताना 'ओरडतो' एवढंच सांगून भागत नाही. कधी, कुठे उभं राहून, तोंड किती उघडून, आवाज चढत जातो की उतरत, हे फोनवर मुद्रित करून न्यावं. तपासणीच्या टेबलावर मांजर तो आवाज काढणार नाही, तो त्याने घरच्यांसाठी राखून ठेवलेला असतो.